प्रशिक्षक निवडताना

महाविद्यालयाच्या फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक कोणाला नेमावे, हा प्रश्न वृत्तपत्राच्या या पानावर चर्चेस घ्यावा इतका महत्त्वाचा आहे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे विषय पुढ्यात असताना अकरा मुले आणि एक चेंडू यांची चिंता कशासाठी, असेही कोणी म्हणेल. परंतु एखाद्या कामासाठी योग्य माणूस कसा ओळखावा, त्याच्या कामाचे मोल कसे ठरवावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे अर्थशास्त्राचे जुने प्रश्न आहेत. क्रीडांगणावर ते जितक्या उघडपणे दिसतात तितके कचेरीत किंवा वर्गात दिसत नाहीत. कचेरीत चुकीचा माणूस नेमला गेला तर ती चूक फायलींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहू शकते. मैदानावर ती नव्वद मिनिटांत फलकावर लागते.

या विषयावर लिहिण्यास आणखीही एक कारण आहे आणि ते आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी अशा एका निवडीत प्रस्तुत लेखकाचा हात होता आणि ती निवड चुकली.

हकिगत साधी आहे. नागपुरातील एका महाविद्यालयास फुटबॉल संघासाठी मानधनावर प्रशिक्षक हवा होता. शारीरिक शिक्षण संचालक हे पद महाविद्यालयात असतेच. पण कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व खेळ, नोंदवह्या, विद्यापीठाशी पत्रव्यवहार आणि वार्षिक क्रीडामहोत्सव एवढे सारे सांभाळून एकाच माणसाने फुटबॉलही शिकवावा ही अपेक्षा अवाजवी असते. म्हणून हंगामापुरता स्वतंत्र प्रशिक्षक. प्राचार्यांच्या दालनात आम्ही चौघे बसलो होतो : प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी, शारीरिक शिक्षण संचालक आणि मी. माझी वर्णी लागण्याचे कारण एवढेच, की मानधनाचा हिशेब अर्थशास्त्राच्या माणसास कळेल असा प्राचार्यांचा समज होता.

तिघे उमेदवार होते. पहिले गृहस्थ एके काळी राज्याकडून खेळलेले. त्यांच्या बोलण्यात आत्मविश्वास होता आणि हातात जुन्या छायाचित्रांचा संग्रह होता. दुसऱ्या उमेदवाराकडे पदवी, पदव्युत्तर पदवी, पदविका आणि शिबिरांची प्रमाणपत्रे यांची जाड फाईल होती. तिसरे गृहस्थ कामठीकडून सायकलने आले होते. एका कारखान्यात पाळीचे काम करून ते सहा वर्षे पहाटे आमच्याच मैदानावर मुलांकडून सराव करवून घेत होते. त्याबद्दल त्यांना कधी चहापाण्यापुरते पैसे मिळत, कधी तेही मिळत नसत. खेळाविषयी आपले धोरण काय, असा प्रश्न आम्ही इंग्रजीत विचारला तेव्हा ते गडबडले. मग मराठीत म्हणाले, "मुलं बाहेर उभी आहेत, त्यांनाच विचारा ना साहेब." आम्ही हसलो आणि पुढचा प्रश्न विचारला. मुलांना आत बोलावले नाही.

एकमताने पहिल्या गृहस्थांची निवड झाली. त्या कागदावर माझीही सही आहे.

पहिला महिना उत्साहाचा गेला. पुढे सरावाला येणारी मुले कमी होऊ लागली. संघाचा गोलरक्षक एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटला. कसे चालले आहे असे विचारता तो म्हणाला, "सर फार छान खेळतात, सर. ते खेळतात, आम्ही बघतो." या वाक्यात तक्रारीचा सूरही नव्हता. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस संघ उभा करण्यापुरतीही मुले उरली नाहीत आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून नाव मागे घ्यावे लागले. तो गोलरक्षक वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास होता. पहाटेच्या सरावास येई म्हणून तो पुढे तासालाही बसे. सराव सुटला तसे तासही सुटले. तो पुन्हा परीक्षेस बसला नाही. अशा मुलाची नोंद कोणत्याही अहवालात 'प्रशिक्षकाच्या चुकीच्या निवडीचा परिणाम' म्हणून होत नाही. परंतु हिशेब करावयाचा तर ती रक्कम खर्चाच्या बाजूस मांडावीच लागेल.

नाव आणि काम

आम्ही चौघांपैकी कोणीही कोणाचा नातलग पुढे ढकलला नव्हता, कोणाची चिठ्ठी आली नव्हती. तरीही चूक झाली, म्हणूनच ती विचारात घेण्याजोगी आहे. वशिल्याने झालेली चूक समजण्यास सोपी असते. सद्‌हेतूने झालेली चूक अधिक शिकवते.

उत्तम खेळणे आणि उत्तम शिकविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत हे तत्त्वतः सर्वांस मान्य असते. शिक्षकवर्गास तर ते अनुभवानेच ठाऊक असते. विद्यापीठात पहिला आलेला प्रत्येक विद्यार्थी वर्ग सांभाळू शकत नाही. ज्यास गणित आपोआप येते त्यास ते दुसऱ्यास का येत नाही हेच पुष्कळदा उमगत नाही. क्रीडाक्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईच्या शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरांसह कितीतरी कसोटीपटू घडविणारे रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. १९९० साली त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो त्यांनी काढलेल्या धावांसाठी नव्हे. भारतीय फुटबॉलचे सर्वात यशस्वी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळविले, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविले. जकार्तातील विजयानंतर वर्षही पुरे होण्यापूर्वी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारतास फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक मिळालेले नाही.

आपल्या नागपुरातही असे उदाहरण आहे. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांचा फुटबॉल सुरू केला. पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुले पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. पुढे 'स्लम सॉकर' या नावाने ते काम देशभर पोहोचले आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झाले. त्या मुलांत खेळाडू आहेत हे ओळखण्यास सर्वप्रथम पाहणारा डोळा लागला. प्रशिक्षकाकडे असावयास हवा तो हाच डोळा, आणि मुलाखतीच्या टेबलावर नेमका तोच तपासता येत नाही.

मात्र यावरून 'जो स्वतः खेळला नाही तोच चांगला शिकवितो' असा उलटा नियम काढणे तितकेच चुकीचे होईल. खेळाडूचा अनुभव हा प्रशिक्षकाच्या उपयोगाचा असतोच. आमची चूक नामवंत खेळाडू निवडण्यात नव्हती. त्यांच्या नावावरून त्यांच्या कामाचा निष्कर्ष काढला आणि जे काम डोळ्यांसमोर सहा वर्षे चालू होते त्याकडे पाहिलेच नाही, ही आमची चूक होती.

विदर्भाचे उदाहरण

प्रशिक्षकाच्या निवडीने केवढा फरक पडू शकतो आणि त्या फरकाचे मोजमाप किती अवघड असते, या दोहोंचे उत्तम उदाहरण फुटबॉलमध्ये नव्हे, विदर्भाच्या क्रिकेटमध्ये आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळतो आहे. तब्बल साठ वर्षे त्याने अंतिम सामना पाहिला नव्हता. २०१७ साली विदर्भ क्रिकेट संघटनेने चंद्रकांत पंडित यांस प्रशिक्षक नेमले. पंडित हे पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळलेले यष्टिरक्षक-फलंदाज आणि आचरेकरांचे शिष्य. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला होता. पुढच्याच हंगामात मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभूत झाली आणि पंडितांस मुंबईचे पद गमवावे लागले. म्हणजे एका वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद मिळविणारा माणूस मुंबईस नकोसा झाला, आणि कधीच अंतिम फेरी न गाठलेल्या विदर्भाने तो आपलासा केला.

पुढचा इतिहास नागपूरकरांस पाठ आहे. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्यास विदर्भाने कर्नाटकास अवघ्या पाच धावांनी हरविले. इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने त्रिक्रम साधला, अक्षय वाडकरने शतक काढले आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धावांनी हरवून विदर्भाने तो राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच आला.

एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष सोपा आहे : योग्य प्रशिक्षक नेमा, करंडक मिळेल. पण हिशेबाची वही आणखी एक पान उलटून पाहावी लागते. त्याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली २०१९-२० मध्ये विदर्भ उपांत्यपूर्व फेरीतही पोहोचू शकला नाही. पुढे ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२१-२२ मध्ये त्या राज्यास पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही अंतिम सामन्यात मुंबईस हरवून. नंतर कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक असताना आयपीएल स्पर्धेत त्यांचा संघ २०२३ मध्ये सातवा, २०२४ मध्ये विजेता आणि २०२५ मध्ये आठवा आला. माणूस तोच, शिस्तीची कडक पद्धत तीच. फळ मात्र दरवर्षी वेगळे.

शिवाय २०१७ च्या विजयात आणखी कोणाकोणाचा वाटा होता? वसीम जाफर यांच्यासारखा अनुभवी फलंदाज संघात होता. गोलंदाजांवर सुब्रतो बॅनर्जी कित्येक हंगाम मेहनत घेत होते. खापरखेड्याच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ सालीच कसोटी खेळला होता आणि विदर्भातील मुलगा भारताकडून खेळू शकतो हे त्याने सिद्ध केले होते. संघटनेने मैदाने आणि वयोगटांच्या प्रशिक्षणावर पैसा घातला होता. पंडित आले ते नांगरलेल्या शेतात. त्यांनी पेरणी वेळेवर केली, राखण कसून केली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु जमीन त्यांच्या आधीपासून तयार होत होती. याचा पुरावा म्हणजे नंतरचा काळ. विदर्भाकडून स्वतः खेळलेले उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०२३-२४ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे मुंबईकडून पराभव झाला. विशेष म्हणजे पंडित गेल्यानंतरचा मुंबईचा हा पहिलाच रणजी करंडक. विदर्भाने त्या पराभवानंतर प्रशिक्षक बदलला नाही. पुढच्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर केरळला मागे टाकून त्याच गनींच्या संघाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. अंतिम सामना हरणाऱ्या प्रशिक्षकास एकीने निरोप दिला आणि दुसरीने वर्षभर आणखी थांबून पाहिले, एवढा हा दोन संघटनांमधील फरक आहे.

श्रेयाचे गणित

येथे एक शास्त्रीय मुद्दा लक्षात घेणे अगत्याचे आहे. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञास २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांपुढे व्याख्यान देताना आलेला अनुभव त्यांनी नमूद करून ठेवला आहे. शिकाऊ वैमानिकाची शाबासकी केली की पुढच्या वेळी तो वाईट उड्डाण करतो आणि खरडपट्टी काढली की सुधारतो, असे एका अनुभवी प्रशिक्षकाचे ठाम मत होते. काहनेमन यांच्या ध्यानात आले, की त्या प्रशिक्षकाचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. फारच चांगल्या उड्डाणानंतरचे उड्डाण बहुधा सर्वसाधारण असणार, फारच वाईट उड्डाणानंतरचेही बहुधा सर्वसाधारणच असणार; शाबासकीचा किंवा खरडपट्टीचा त्याच्याशी संबंध असेलच असे नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात उंचीच्या बाबतीत हाच नियम दाखवून दिला होता.

प्रशिक्षक बदलण्याच्या बाबतीत हाच घोळ होतो. संघ सलग पाच सामने हरला की प्रशिक्षक काढला जातो. नंतरच्या पाचांपैकी दोन-तीन सामने संघ जिंकतो, कारण तो मुळात तेवढाच चांगला होता. श्रेय मात्र नव्या प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होते आणि जुना माणूस अपयशी म्हणून घरी बसतो. उलट, एका अपवादात्मक यशानंतर नेमलेला नामवंत माणूस दुसऱ्या वर्षी साधारण ठरतो आणि सर्वांचा हिरमोड होतो. म्हणून एका हंगामाच्या निकालावरून कोणास नेमू नये आणि काढूही नये, हा संख्याशास्त्राचा सल्ला आहे; पण पराभवानंतर काहीतरी केल्याचे दाखविणे ज्यांस भाग असते त्यांस तो रुचत नाही.

राष्ट्रीय फुटबॉल संघाचा अलीकडचा अनुभव पाहावा. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमॅक यांस करार संपण्यापूर्वीच दूर करण्यात आले आणि त्यापायी महासंघास सुमारे चार लाख डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ एकीकडे गोव्याच्या क्लबचेही प्रशिक्षक होते. ते जुलै २०२५ मध्ये दूर झाले. मग सुमारे १७० अर्जांतून १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड झाली. जमील यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल संघास आय-लीग जिंकून दिली होती. तेरा वर्षांनंतर या पदावर भारतीय माणूस आला म्हणून आनंद व्यक्त झाला. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला हरवून संघ तिसरा आला तेव्हा निवडीची वाहवा झाली. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाची वाट बंद झाली तेव्हा त्याच निवडीवर टीका झाली. सव्वा वर्षाच्या आत तीन प्रशिक्षक झाले. सहा आठवड्यांत कोणी प्रशिक्षक शहाणा होत नाही आणि मूर्खही होत नाही. देशात मुले कोठे खेळतात, किती खेळतात आणि कोणत्या वयात त्यांस शिकविणारा भेटतो, हा मूळ प्रश्न जसाच्या तसा राहतो.

कागद आणि मैदान

मग निवड समितीने कशावर विश्वास ठेवावा? प्रमाणपत्रांवर ठेवावा असे म्हणणे सोयीचे असते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेला सिद्धांत असा, की उमेदवाराची खरी गुणवत्ता मालकास दिसत नाही म्हणून पदवी हा तिचा 'संकेत' म्हणून वापरला जातो. त्या शिक्षणाने गुणवत्ता वाढलीच असेल असे नाही. फुटबॉलमध्येही 'डी' परवान्यापासून 'प्रो' परवान्यापर्यंत पायऱ्या आहेत. त्या निरर्थक मुळीच नाहीत. दुखापत, आहार, वयानुसार सराव यांचे ज्ञान प्रशिक्षकास असावयासच हवे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेची परंपरा असलेल्या विदर्भास शारीरिक शिक्षणाच्या शास्त्राचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

पण कागदाची मर्यादाही ओळखली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी, नेट किंवा पीएच.डी. यांजबरोबर शारीरिक क्षमतेची चाचणी सांगितली आहे : तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १,८०० मीटर, स्त्री उमेदवाराने आठ मिनिटांत १,००० मीटर अंतर तोडावयाचे. ही अट वाजवी आहे. उमेदवार स्वतः धावू शकतो हे तीवरून कळते. तो दुसऱ्यास धावावयास लावू शकतो किंवा नाही, हे कळण्यास अशी एकही चाचणी नाही. जे मोजता येते ते आपण मोजतो आणि मोजले म्हणून तेच महत्त्वाचे मानू लागतो. परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्यांची किंमत करण्याची सवय लागलेल्या आम्हा प्राध्यापकांस हा दोष विशेष जडलेला असतो.

निवडणारे कोण?

आणखी एका बाबीकडे दुर्लक्ष होते. ज्यांच्यासाठी प्रशिक्षक नेमावयाचा त्यांचे मत विचारलेच जात नाही. यावर आक्षेप असा, की मुलांस सौम्य प्रशिक्षक आवडेल, कडक नको असेल. २०१६ साली भारतीय क्रिकेट संघाच्या प्रशिक्षकपदासाठी ५७ अर्ज आले. तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीने अनिल कुंबळे यांची शिफारस केली. निवडणारे आणि निवडलेला यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्यास जागाच नव्हती. तरीही वर्षभरात, जून २०१७ मध्ये, कर्णधारास आपल्या पद्धतीविषयी हरकत असल्याचे सांगून कुंबळे यांनी राजीनामा दिला. यावरून कोणी म्हणेल की खेळाडूंस फार अधिकार दिल्याचे हे फळ. कोणी म्हणेल की खेळाडूंस आधी न विचारल्याचे. माझ्या मते विचारणे आणि अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांच्या मताने प्रशिक्षक निवडावा असे कोणी म्हणत नाही. परंतु सहा वर्षे ज्याच्या हाताखाली मुले पहाटे उठून येतात त्याच्याविषयी त्या मुलांकडे जी माहिती आहे, ती मिळविण्यास पाच मिनिटे पुरली असती. त्या दिवशी ती माहिती दालनाच्या दाराबाहेर उभी होती.

काय करता येईल?

मोठ्या सुधारणांची यादी देण्याचा येथे उद्देश नाही. नागपूर विद्यापीठाच्या परिसरातील कोणत्याही महाविद्यालयास, पैसा न वाढविता, पाळता येतील अशा काही गोष्टी मात्र आहेत. पहिली, मुलाखत दालनात घेण्यापूर्वी मैदानावर घ्यावी. प्रत्येक उमेदवाराकडे एक तास पंधरा मुले सोपवावीत आणि समितीने उमेदवाराकडे न पाहता सर्वात कच्च्या मुलाकडे पाहावे. त्या तासात त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, हा प्रश्न कोणत्याही मुलाखतीपेक्षा अधिक सांगून जाईल. दुसरी, पूर्वी शिकविलेली मुले तीन वर्षांनी कोठे आहेत हे विचारावे : किती अजून खेळतात, किती शिक्षणात टिकली. तिसरी, नेमणूक किमान तीन हंगामांची असावी आणि आढावा दरवर्षी घ्यावा; आढाव्यात करंडकाइतकेच सरावाच्या हजेरीस महत्त्व असावे. चौथी, मानधनाचा आकडा आणि तो देण्याची तारीख नेमणुकीच्या पत्रातच लिहावी. ज्यास आपण तासाच्या हिशेबाने आणि तेही वर्षअखेरीस पैसे देतो, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करण्याचा आपणास नैतिक अधिकार उरत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांस हे वाक्य अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

या उपायांनी चुका टळतीलच असे नाही. माणसाची पारख हे अंदाजाचे शास्त्र आहे आणि राहील. पंडित यांस विदर्भाने नेमले तेव्हा करंडक मिळेल असे कोणास ठाऊक नव्हते. नेमणारे त्या वेळी जेवढे पाहता येत होते तेवढे पाहत होते. आमच्या समितीवरील आक्षेप हाच, की जे पाहता येत होते तेही आम्ही पाहिले नाही.

त्या तिसऱ्या गृहस्थांची गाठ मध्यंतरी कामठी रस्त्यावर पडली. कामठी ही फुटबॉलची जुनी पेठ. तेथील रब्बानीसारख्या संघांचे नाव नागपूरच्या मैदानांवर नेहमीच आदराने घेतले जाते. हे गृहस्थ आता तेथेच एका मोकळ्या जागेवर आठ-दहा वर्षांच्या मुलांस शिकवितात. मी ओळख दिली. त्यांनी नमस्कार केला, मनात काही राग असल्याचे दिसले नाही. मी त्या गोलरक्षकाविषयी विचारले. तो एका मालमोटारीवर मदतनीस म्हणून जातो आणि नागपुरात असला की रविवारी येऊन लहान मुलांस चेंडू अडविण्याचे शिकवितो, असे त्यांनी सांगितले. "चांगला शिकवतो साहेब," ते म्हणाले, "पोरांना कळतं त्याचं."

त्याच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही. उद्या एखाद्या महाविद्यालयात अशा पदासाठी तो अर्ज घेऊन आला, तर आपल्या समित्या त्यास दारापर्यंत तरी येऊ देतील काय, हा प्रश्न मी स्वतःस विचारून पाहिला. उत्तर समाधानकारक मिळाले नाही.